तारामतीचं काम कोणी केलं?



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. मधे मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मग सूनबाईंनी महिनाभर कॉम्प्युटरला हात लावू दिला नाही. अमेरिकेतल्या भाच्याचा "मामा, ब्लॉग बंद केलास का?" असा फोनही येऊन गेला. बंद केलेला नाही. आज जे लिहितोय ते खरं तर फार पूर्वीच लिहायला हवं होतं.

निमित्त साधं आहे. आमच्या पिंपळे सौदागरच्या सोसायटीत गणपतीत मुलांसाठी प्रश्नमंजूषा असते. निवृत्त मास्तर म्हटला की असली कामं त्याच्याच गळ्यात पडतात आणि मलाही ती आवडतात. इतर प्रश्नांबरोबर एक जुना ठेवणीतला प्रश्न मी विचारला, "भारतातला पहिला पूर्ण लांबीचा कथापट कोणता आणि तो कोणी काढला?" चार-पाच हात एकदम वर. राजा हरिश्चंद्र, दादासाहेब फाळके, १९१३. बरोबर! टाळ्या! मी पुढच्या प्रश्नाकडे वळणार, तेवढ्यात सहावीतली एक चिमुरडी उभी राहिली आणि म्हणाली, "आजोबा, त्यात हिरॉइन कोण होती?"

मी म्हटलं, "हिरॉइन नव्हती बाळा, हिरो होता. तारामतीचं काम एका पुरुषाने केलं होतं." मंडपात हशा पिकला. मुलं हसली, त्यांचे आईबाप हसले, मीही हसलो. ती मुलगी मात्र हसली नाही. तिने विचारलं, "त्यांचं नाव काय?"

नाव मला माहीत होतं. अण्णा साळुंके. ते सांगून मी प्रश्नमंजूषा पुढे रेटली. पण रात्री झोप येईना. पस्तीस वर्षं इतिहास शिकवला, हा एका गुणाचा प्रश्न किती वेळा घातला असेल, आणि तारामतीचं नाव एकदाही फळ्यावर लिहिलं नाही. लोक हसले त्याचं एक जुनं दुखणं माझ्या मनात आहे, त्याबद्दल शेवटी सांगतो. आधी साळुंक्यांबद्दल.

फाळक्यांची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहेच. धुंडिराज गोविंद फाळके मूळचे त्र्यंबकेश्वरचे. गिरगावात तंबूत ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि ध्यास घेतला की पडद्यावर आपले देव दिसले पाहिजेत. १९१२ च्या सुरुवातीला विलायतेला जाऊन ते कला शिकून आले, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला, कुंडीत वाटाण्याचं रोप कसं वाढतं याची छोटी फिल्म काढून भांडवलवाल्यांना दाखवली, बायकोचे दागिने गहाण पडले, आणि दादरला 'राजा हरिश्चंद्र'चं काम सुरू झालं. राजा हरिश्चंद्र झाले दत्तात्रय दामोदर दबके, रोहिदास झाला फाळक्यांचा मुलगा भालचंद्र. अडलं ते राणीपाशी.

त्या काळात नाटकात काम करणं हेच घरंदाज माणसाचं लक्षण नव्हतं, मग सिनेमात तर बोलूच नका. फाळक्यांनी वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या. बाई मिळेना. नाइलाजाने ते कलावंतिणींच्या आणि वेश्यांच्या वस्तीत जाऊन विचारून आले, तिथेही नकारच मिळाला. ज्यांच्या नावाला समाज नाकं मुरडायचा त्यांनासुद्धा सिनेमा हा आपल्यापेक्षा हलका धंदा वाटत होता! असं म्हणतात की फाळके आपल्या नटांना सांगत, कोणी विचारलं तर हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहोत असं सांगा. परेश मोकाशींच्या २००९ च्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' या चित्रपटाला नाव मिळालं ते यावरूनच. पाहिला नसेल तर जरूर पाहा, मी तीनदा पाहिलाय.

मग एके दिवशी ग्रँट रोडवरच्या एका खाणावळीत फाळक्यांना एक सडपातळ पोरगा दिसला. तो तिथे आचाऱ्याचं काम करायचा, पगार महिना दहा रुपये. नाजूक बांधा, नाजूक हात. फाळक्यांनी पंधरा रुपये देऊ केले आणि भारतीय सिनेमाला पहिली नायिका मिळाली.

पाच रुपयांच्या फरकासाठी हा माणूस सिनेमात आला, असं वाचून हसू येतं खरं. पण दहाचे पंधरा म्हणजे दीडपट पगार. आमच्या चाकण-भोसरी पट्ट्यातली पोरं याहून कमी वाढीवर एक कंपनी सोडून दुसरीत जातात, आणि त्यांना कोणी हसत नाही. साळुंके कलेसाठी आले की पोटासाठी, हा प्रश्न मला तरी महत्त्वाचा वाटत नाही. माणूस पोटासाठी येतो आणि मग काम त्याला आवडायला लागतं. मीही शिक्षक झालो तो पगारासाठीच.

पुढची अडचण मिशीची. बाईचं काम करायचं तर मिशी उतरवायला हवी, आणि मिशी उतरवायची ती बाप गेल्यावर. बाप जिवंत असताना मिशी काढणं म्हणजे अभद्र. राणीच्या सख्यासुद्धा पुरुषच होते, म्हणजे अडचण एकट्याची नव्हती. हा पेच फाळक्यांना समजूत घालून घालून सोडवावा लागला. 'फॅक्टरी'मध्ये हा प्रसंग विनोदी केलाय आणि झालाही छान आहे. पण जरा त्या पोरांच्या जागी उभं राहून पाहा. संध्याकाळी गुळगुळीत ओठ घेऊन आळीत शिरायचं, आणि जो भेटेल तो विचारणार, "काय रे, वडील गेले की काय?"

तर असा हा चित्रपट. शूटिंगला सहा महिने सत्तावीस दिवस लागले, लांबी ३७०० फूट. घरात साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक सरस्वतीबाई फाळके करत होत्या, आणि त्यातून वेळ काढून फिल्मला भोकं पाडणं, ती धुणं, हेही करत होत्या. (त्यांच्यावर खरं म्हणजे वेगळं लिहायला हवं.) २१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिंपिया थिएटरात निवडक लोकांसाठी खेळ झाला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये चित्रपट सर्वांसाठी लागला.

त्या चित्रपटाची रिळं आज पूर्ण उपलब्ध नाहीत. पहिलं आणि शेवटचं रीळ आपल्या पुण्यातल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जपलेलं आहे. तेही १९१३ चं की फाळक्यांनी १९१७ साली 'सत्यवादी राजा हरिश्चंद्र' पुन्हा काढला त्याचं, यावर अभ्यासकांत वाद आहे. राणीचं काम मात्र दोन्ही वेळा साळुंक्यांचंच. नातवाने मला तो तुकडा यूट्यूबवर काढून दिला. ऑपरेशन झालेल्या डोळ्याने नीट पाहिला. सुरुवातीला राजा मुलाला धनुर्विद्या शिकवतोय, बाजूला राणी, सगळं राजा रविवर्म्याच्या चित्रासारखं. पुढे राणी आणि तिच्या सख्या पाण्यात खेळतायत, लुगडी ओलीचिंब, सगळे पुरुष. नातू हसला. मी त्याला म्हटलं, थांब, परत लाव. राणीकडे बघ. पदर कसा सावरलाय बघ. हा मनुष्य काही महिन्यांपूर्वी खाणावळीत चुलीपुढे बसत होता.

आता याच साली दुसरीकडे काय चाललं होतं पाहा. १९१३ सालीच नारायणराव राजहंस, म्हणजे आपले बालगंधर्व, किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. तेही पुरुष, तेही बायकांची कामं करत. पण त्यांचं लुगडं, त्यांचं नाक मुरडणं, त्यांचा गजरा यांची नक्कल घराघरातल्या बायका करायच्या. महाराष्ट्राने त्यांना डोक्यावर घेतलं. पुण्यात त्यांच्या नावाचं रंगमंदिर १९६८ पासून उभं आहे. एकाच वर्षी, एकाच भाषेच्या मुलखात दोन पुरुष लुगडं नेसून उभे राहिले. एकाचं दैवत झालं, दुसऱ्याचा किस्सा झाला.

असं का झालं? एक कारण उघड आहे, बालगंधर्वांचा गळा. तो गळा शतकातून एकदा येतो, त्याबद्दल वाद नाही. साळुंक्यांचा पडदा मुका होता. दुसरं असं की रंगभूमीला तोवर साधारण सत्तर वर्षांची परंपरा होती, आश्रयदाते होते, जाणकार होते. सिनेमात मात्र नट म्हणजे कॅमेऱ्यापुढे उभं राहणारा कामगार. हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेतसुद्धा साधारण १९१० पर्यंत चित्रपट कंपन्या नटनट्यांची नावंच जाहीर करत नसत. फ्लोरेन्स लॉरेन्स नावाची नटी लोकांची लाडकी होती, पण लोक तिला तिच्या कंपनीच्या नावाने 'बायोग्राफ गर्ल' म्हणूनच ओळखत. कार्ल लेम्लीने तिला आपल्या कंपनीत ओढलं आणि १९१० साली जाहिरात करून तिचं नाव जगाला सांगितलं.

बरं, बाई मिळत नव्हती म्हणून साळुंके मिळाले, हेसुद्धा अर्धंच खरं. फाळक्यांच्या दुसऱ्याच चित्रपटात, १९१३ च्याच 'मोहिनी भस्मासुर'मध्ये, दोन बायका आल्या. नाटक कंपनीतल्या दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची लहानगी मुलगी कमला मोहिनी झाली. हीच पुढे कमलाबाई गोखले, म्हणजे चंद्रकांत गोखल्यांच्या आई आणि विक्रम गोखल्यांच्या आजी. म्हणजे बाई मिळू शकते हे सिद्ध झालं होतं. तरीही चार वर्षांनी, १९१७ साली 'लंकादहन' काढताना फाळक्यांनी सीतेसाठी पुन्हा साळुंक्यांनाच घेतलं. एवढंच नाही, रामाचं कामही त्यांनाच दिलं! भारतीय पडद्यावरची ही पहिली दुहेरी भूमिका. आज आपण राम और श्याम म्हणतो, सीता और गीता म्हणतो, त्याची सुरुवात एका आचाऱ्याने राम आणि सीता होऊन केली.

'लंकादहन' तुफान चालला. गिरगावातल्या वेस्ट एंड थिएटरात दहा दिवसांत ३२,००० रुपये जमले, ही १९१७ सालची गोष्ट आहे, विसरू नका. मद्रासकडे तर तिकिटांच्या नाण्यांची पोती बैलगाडीतून पोलीस बंदोबस्तात न्यावी लागली म्हणे. पडद्यावर राम दिसला की लोक पायताणं काढून हात जोडायचे. काही चौकस मंडळींना सीतेचे दंड जरा जास्तच पिळदार दिसत, असंही सांगतात. असेना का! हात जोडणाऱ्यांना त्याने काही फरक पडत नव्हता. समोर राम होता, आणि राम साळुंके होते.

आता मुख्य गोष्ट. इथपर्यंतचा भाग पुष्कळांना माहीत असतो, मलाही होता. पुढचा मला म्हातारपणी कळला.

१९१८ साली फाळक्यांची हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी नाशिकला सुरू झाली. पुढच्या दहा वर्षांत सिनेमात बायका येऊ लागल्या. पेशन्स कूपर आल्या, सुलोचना या नावाने रूबी मायर्स आल्या. ज्या गुणावर साळुंके या धंद्यात आले, तो नाजूक बांधा, ते नाजूक हात, त्याची गरज संपत चालली. शिवाय वय कोणाला थांबवतं? १९२२ च्या 'सत्यनारायण'मध्ये आणि १९२३ च्या 'बुद्धदेव'मध्ये त्यांनी कामं केली, आणि 'बुद्धदेव'चा कॅमेराही त्यांनी चालवला. मग ते पडद्यावरून दिसेनासे झाले, कारण ते कॅमेऱ्याच्या मागे गेले होते. १९३१ पर्यंत तीसेक मूकपटांचं छायाचित्रण त्यांच्या नावावर आहे.

तीस चित्रपट! नट म्हणून मात्र पाच.

मूकपटाचा कॅमेरा चालवणं म्हणजे काय हे नव्या पिढीला सांगायला हवं. मोटर नसायची. हाताने दांडा फिरवायचा, सेकंदाला दोन फेरे, म्हणजे सोळा चित्रं. हात जरा भरभर चालला की पडद्यावर माणसं रेंगाळणार, मंद झाला की माकडासारखी पळणार. समोर लंका जळत असो की राणी रडत असो, हाताचा ठेका चुकता कामा नये. उजेड बहुतेक सूर्याचा. ढग आला की थांबा. शिवाय त्या वेळच्या फिल्मला लाल रंग दिसत नसे. लाल ते काळं यायचं आणि निळं ते जवळजवळ पांढरं. नटाच्या गालाला लाली लावली तर पडद्यावर काजळी फासल्यासारखी दिसायची. हे सगळं साळुंक्यांनी आधी दुसऱ्या बाजूने सोसलेलं होतं, लुगड्यात, उन्हात, तोंडाला रंग फासून. फाळक्यांकडे शाळा अशीच होती. त्र्यंबक तेलंग हे त्यांचे मित्र, त्यांनाही फाळक्यांनी हाताशी धरून कॅमेरा शिकवला आणि त्यांच्याकडूनच 'राजा हरिश्चंद्र'चं चित्रीकरण करून घेतलं. त्याच अंगणात साळुंके वाढले.

१४ मार्च १९३१ रोजी 'आलम आरा' लागला, पडदा बोलू लागला, आणि मूकपटांबरोबर साळुंक्यांचं नावही श्रेयनामावलीतून गेलं. अठरा वर्षांची नोकरी. माझ्या हिशेबी ही एका कष्टाळू, शिकत राहणाऱ्या माणसाची कारकीर्द आहे. ज्या कामासाठी घेतलं ते काम बंद पडलं, तर धंदा सोडून न जाता त्याच धंद्यातलं दुसरं, अधिक अवघड काम शिकून घेतलं. आमच्या औद्योगिक पट्ट्यात लेथ जाऊन सीएनसी मशीन आली तेव्हा चाळिशीच्या किती माणसांनी हे केलं आणि किती घरी बसली, ते मी शेजारीपाजारी पाहिलंय. पण साळुंक्यांचं नाव निघालं की आपल्याला आठवतं ते फक्त लुगडं. आणि हसू येतं.

आता ते जुनं दुखणं. आमच्या नात्यातली बरीच मंडळी हे वाचतात, म्हणून मुद्दाम इथे लिहितोय.

आमचं मूळ गाव खेड तालुक्यात. गावच्या जत्रेत नाटक व्हायचं आणि त्यात राणीचं काम दरवर्षी आमचे बापूकाका करायचे. पेट्रोमॅक्सच्या उजेडात ते नऊवारी नेसून आले की पुढे बसलेल्या बायका एकमेकींना कोपराने ढोसायच्या. काम फार चांगलं करायचे. घरात मात्र कोणी त्याबद्दल बोलत नसे. जत्रा झाली की महिनाभर ते मान खाली घालून वावरायचे, मिशी परत येईपर्यंत.

मी तालुक्याला हायस्कुलात होतो, साल १९६२. गावाकडची दोन पोरं माझ्या वर्गात होती, त्यांनी सगळ्यांना सांगून टाकलं. एकदा मधल्या सुट्टीत चार जणांनी मला घेरलं. "ती राणी तुझी कोण लागते रे?" मी म्हटलं, "कोणी नाही. आमच्या भावकीतला आहे, लांबचा." मागे वळलो तर बापूकाका सायकल धरून उभे. माझा डबा घरी राहिला होता, तो द्यायला नऊ मैल सायकल मारून आले होते. त्यांनी डबा हातात दिला, "गरम आहे, लगेच खा" म्हणाले आणि सायकल वळवली.

पुढे दोन-तीन वर्षांत पुण्याहून नट्या आणायची पद्धत पडली आणि त्यांचं काम गेलं. मला वाटलं होतं, सुटले बिचारे. पण दरवर्षी जत्रेला ते रंगपटात असायचेच. आलेल्या नटीला रंग लावणं, आडोशाला बसून संवाद पुरवणं, पेट्रोमॅक्सला हवा भरणं. नंतर पिंपरीत एका कारखान्यात लागले, तरी पाळी बदलून जत्रेला जायचे. १९८९ साली गेले. त्या डब्याबद्दल ना ते कधी बोलले, ना मी.

परवा मंडपात लोक हसले आणि त्यांच्याबरोबर मीही हसलो, तेव्हा मला ती मधली सुट्टी आठवली.

असो. पुढच्या वर्षीच्या प्रश्नमंजूषेत मी जुना प्रश्न ठेवणारच आहे, पण त्याला एक उपप्रश्न जोडणार आहे. आणि बापूकाकांच्या धाकट्या मुलाला कळवतो, तुझ्याकडे त्यांचा राणीच्या वेषातला फोटो आहे, तो स्कॅन करून पाठव. इथे लावायचा आहे. फोटोखाली काय लिहायचं तेही ठरवून ठेवलंय. त्यांचं पूर्ण नाव, गावाचं नाव, आणि "माझे सख्खे चुलते".